ओवाळणीचा दुसरा भाग

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गणवेशाचं कापड कापत होते. ‘‘ताई, हे गेले...’’ एवढंच त्या म्हणाल्या. कात्री निम्म्यात होती; ती शेवटपर्यंत नेली, नांदेडचं दुकान बंद केलं आणि मुरुडची गाडी धरली. त्याला आता पाच आठवडे झाले.

दादा वीज खात्यात लाईनमन होता. खांबावरून उतरला की पुस्तक घेऊन बसायचा. मला ते वेड नव्हतं. दिवाळीत ब्लाउज शिवणाऱ्या बाईला वेळ कुठला? त्यापायीच दोन वर्षं मी भाऊबीजेला मुरुडला गेले नव्हते. गेल्या दिवाळीत गेले, तेही फोनवर बजावून, ‘‘साडी मोरपंखी पाहिजे.’’ ओवाळलं, तर दादानं ताटात ठेवलं खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक.

‘‘हे काय? साडी कुठंय?’’

‘‘साड्या लई झाल्या तुझ्या. वाचून तर बघ, शोभे.’’

रागानं पिशवीत कोंबलं. परतताना लोह्याजवळ गाडी बंद पडली, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून उघडलं. जहाजाची शिडं शिवणाऱ्या माणसाची कादंबरी होती. आमचं मुरुड समुद्राकाठचं नव्हे; समुद्र मी पाहिलेला नाही. पण जाड कापडात सुई अडली की बोटाचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. पुढचे आठ दिवस मशीनवर बसण्याआधी चार पानं वाचायला घ्यायचे, त्याची चाळीस व्हायची आणि गिऱ्हाइकं ओरडायची. शेवटच्या पानावर जहाज त्या माणसाला बेटावर सोडून निघून गेलं. खाली छापलेलं, पहिला भाग समाप्त.

मी लगेच फोन लावला. ‘‘दादा, तो जगतो का?’’

‘‘दुसरा भाग हाय माझ्याकडं. भाऊबीजेला देतो.’’

‘‘मी विकत आणीन.’’

‘‘आण की... मग येशील कशाला?’’

मी आणला नाही.

तेराव्याला वहिनींनी तो कपाटातून काढला. तसंच खाकी कव्हर, वर दादाच्या अक्षरात माझं नाव. ‘‘घेऊन जा, ताई.’’

‘‘राहू द्या. भाऊबीजेला नेईन.’’

‘‘औंदा सण न्हाई आपल्याकडं.’’

‘‘सण नका करू. दोन भाकरी जास्तीच्या टाका. मी येणार.’’

गिऱ्हाइकांना आतापासूनच सांगून ठेवलंय, त्या दिवशी दुकान बंद. पुस्तक मुरुडच्या कपाटात आहे, दादाच्या चष्म्याशेजारी. शिडं शिवणाऱ्याला तोवर बेटावर थांबावं लागेल.