माझी माळ चालू होती तेव्हा

अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावात शनिवारच्या नामस्मरण मंडळाला जमणाऱ्या बायका एकमेकींना आपापले अनुभव सांगतात. मीही सांगत आले आहे. भारतातून येताना विमानतळावर हरवलेली कागदपत्रं कशी सापडली ते, आणि बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी काय घडलं ते. ऐकताना बायकांचे डोळे भरून येतात आणि मला बरं वाटतं. पण ज्या दिवशी देवानं मला खरोखर हाताला धरून उचललं, त्या दिवसाबद्दल मी तिथे कधी अवाक्षर काढलेलं नाही. कारण तो दिवस सांगायचा तर आधी मी कशी होते हे सांगावं लागतं, आणि ते सांगायची मला लाज वाटते.

दोन हजार चारमधली गोष्ट. मे महिन्याच्या अखेरचा लाँग वीकेंड होता. आम्ही दोन कुटुंबं दोन गाड्या घेऊन ॲरिझोनाच्या उत्तरेकडच्या वाळवंटात फिरायला निघालो होतो. आमच्या गाडीत माझा नवरा संदीप, दहा वर्षांचा रोहन, सहा वर्षांची चिनू आणि मी. दुसऱ्या गाडीत नागपूरचे हेमंत आणि निशा, आणि त्यांची सात वर्षांची सई. निशा माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. चिनू आणि सईचं सकाळपासून या गाडीतून त्या गाडीत चाललं होतं.

त्या वर्षी मी रोज अकरा माळा रामनामाचा संकल्प केला होता. सहलीच्या गडबडीत दोन दिवसांच्या माळा राहून गेल्या आणि माझी चिडचिड सुरू झाली. मंडळात मी सगळ्यांना नेमाचं महत्त्व सांगणारी, आणि माझाच नेम चुकावा? म्हणून त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी माळ हातात घेतली. मुलांना बजावून ठेवलं होतं, "आईची माळ चालू असताना आईशी बोलायचं नाही. मोजणं चुकतं."

दुपारी फ्लॅगस्टाफच्या पुढे, नावाहो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात, रस्त्याकडेला मण्यांचे दागिने विकणाऱ्यांच्या सात-आठ टपऱ्या दिसल्या. सगळे उतरले, मी मात्र गाडीतच राहिले. थोड्या वेळानं जोराचा वारा सुटला, लाल धूळ उडायला लागली आणि विक्रेते भराभरा सामान आवरू लागले. तेवढ्यात चिनू माझ्या खिडकीशी आली.

"आई, मला शू लागलीय."

मी डोळे उघडले नाहीत. फक्त हात हलवून तिला बाजूला हो अशी खूण केली. पुन्हा काही आवाज आला नाही, तेव्हा मला वाटलं, निशाकडे गेली असेल. मग संदीप रोहनला घेऊन धुळीतून धावत आला, स्टिअरिंगवर बसला आणि म्हणाला, "चिनू निशाच्या गाडीत आहे ना?" माझी माळ मेरुमण्यापाशी आली होती. बोलले असते तर लय तुटली असती. मी मान हलवली. हो.

त्या एका होकाराचं वजन मी अजून वाहते आहे.

पाऊण तासानं एका गॅस स्टेशनवर पेट्रोल भरायला दोन्ही गाड्या थांबल्या. माझा त्या दिवसाचा नेम पुरा झाला होता आणि मी प्रसन्न होते. निशा सईचा हात धरून उतरली. संदीपनं विचारलं, "चिनू झोपली का?"

"चिनू? ती तुमच्याकडे आहे ना?" निशा म्हणाली. "सईला झोप आली होती म्हणून मी चिनूला म्हटलं, जा, तू तुमच्या गाडीत बस."

न बघता हलवलेली माझी मान मला आठवली. पण त्याहून वाईट गोष्ट मी पुढे केली. संदीप माझ्याकडे वळायच्या आत मी निशावर ओरडले, "जा म्हटलंस म्हणजे काय? ती बसेपर्यंत बघायचं नाही? सहा वर्षांची आहे ती!"

निशाचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं चुकलं गं, माझं चुकलं," एवढंच म्हणत ती रडायला लागली, आणि मी तिला तसंच म्हणू दिलं. मोबाइलला रेंज नव्हती. हेमंत आत जाऊन दुकानाच्या फोनवरून पोलिसांशी बोलू लागला. रोहनला त्यांच्याजवळ ठेवून आम्ही दोघं उलटे निघालो.

त्या पाऊण तासाबद्दल काय लिहू? दोन्ही बाजूंना नुसती उघडी लाल जमीन, एक झाड नाही, आणि उन्हात थरथरणारा रस्ता. संदीप गाडी पळवत होता. मी सवयीनं नाम घ्यायला गेले तर जीभच उचलेना. इतके लाख जप केल्याचा माझा हिशोब, आणि गरजेच्या वेळी एक नाम येईना! मग मी देवाशी सौदा करू लागले. हे करीन, ते सोडीन, पायी चालत येईन. बोलता बोलता माझी मलाच किळस आली. मला डोळ्यांसमोर मूर्ती दिसत नव्हती, दिसत होता तो खिडकीशी आलेला आवाज झटकून टाकणारा माझा हात. शेवटी सगळे शब्द संपले. "मी नाही सांभाळलं तिला. तू सांभाळ," एवढंच मनात उरलं. त्यात मागणंही नव्हतं. हातातून सुटलेलं काहीतरी दुसऱ्या कुणीतरी उचलावं, तसं काहीसं होतं ते.

मग संदीपला सांगितलं, "ती खिडकीशी आली होती. मी तिला हाकललं. तू विचारलंस तेव्हा मी न बघताच मान हलवली." त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "आत्ता नको," एवढंच म्हणाला.

टपऱ्यांची जागा रिकामी पडली होती. सगळे निघून गेले होते, पोलीसही अजून पोचले नव्हते. फक्त एक जुना पिकअप ट्रक उभा होता, आणि त्याच्या आडोशाला घडीच्या खुर्चीवर एक साठीची बाई बसली होती. तिच्या मांडीवर चिनू. बाईनं आपलं जाकीट तिच्याभोवती गुंडाळलं होतं आणि दोघी मिळून दोऱ्यात मणी ओवत होत्या.

मी धावत जाऊन चिनूला उचललं. ती रडली नाही. केसांत धूळ, गालांवर सुकलेले ओघळ. "आय वेन्ट बिहाइंड द शॉप," ती म्हणाली, "अँड देन यू वेअर गॉन."

ती बाई सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होती. वारा सुटल्यावर तीही सामान भरून घरी निघाली होती. बरीच पुढे गेल्यावर तिला एकदम वाटलं, मागे काहीतरी राहिलं. गाडी थांबवून तिनं सामान पाहिलं. सगळं जागेवर होतं. पुन्हा निघाली, पण मन लागेना, म्हणून परत फिरली. तेव्हा टपरीच्या मागे फळीला टेकून बसलेली चिनू तिला दिसली. का परत फिरलीस, असं मी विचारलं नाही.

तिनं रागवावं, असं मला फार वाटत होतं. ती रागावली नाही. उलट माझं सांत्वन करायचं म्हणून म्हणाली, "शहाणी आहे तुमची मुलगी. मी पोलिसांकडे जाऊ या म्हटलं, तर म्हणाली, नको. माझी आई मोजतेय. मोजून झालं की येईल."

मी तिथेच धुळीत खाली बसले. त्या बाईला काय कळलं कोण जाणे, तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी थांबेपर्यंत तो काढला नाही. संदीपनं तिला काही देऊ केलं, तर तिनं नको म्हणून मान हलवली. मी वाकून तिच्या पायांना हात लावला. ती ओशाळली आणि हसून तिनं मला उठवलं. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. आजवर मी ज्यांच्यापुढे माथा टेकला, त्यांत तिच्याइतकं जवळून मी कुणालाही पाहिलेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती मंडळात केव्हाच सांगितली असती. पण गॅस स्टेशनवर परत आलो तेव्हा निशा धावत आली, चिनूला छातीशी धरून "सॉरी बेटा, मावशी चुकली" म्हणत राहिली, आणि मी गप्प राहिले. संदीप माझ्याकडे बघत होता. मी मान फिरवली. नंतर बोलू, आत्ता सगळे दमलेत, अशी मनाची समजूत घातली. ते नंतर चार महिने लांबलं. निशा चिनूसाठी काही ना काही आणायची, आमच्याकडे आली की अवघडून बसायची. सईला ती अंगणातही एकटं सोडेनाशी झाली. मी हे सगळं बघत होते आणि रोज संध्याकाळी देवापुढे दिवाही लावत होते.

एके दिवशी दिवा लावताना माझ्याच्यानं पुढे काही म्हणवेना. मी तशीच चपला घालून निशाकडे गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. खिडकी, हात, मान हलवणं, आणि तिच्यावर ओरडणं.

निशा अगदी हळू आवाजात म्हणाली, "चार महिने मला धड झोप नाही गं. आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आज तू जा. मला तुझ्याशी बोलायचं नाही."

मी घरी आले. क्षमा मिळावी म्हणून काही करावं, एखादं व्रत, एखादा नेम, असा विचार मनात आला आणि तिथेच थांबला. तिच्या मनावर माझा अधिकार नव्हता. वाळवंटातल्या त्या रस्त्यावर जसं काहीच माझ्या हातात नव्हतं, तसंच हेही नव्हतं. इतकी वर्षं शरण जाणं, शरण जाणं म्हणत आले, पण माझी शरणागतीसुद्धा मी ऐटीत मिरवत होते. खरं शरण जाणं हे असं असतं, की आपल्या बाजूनं सांगायला काहीच उरत नाही आणि तरीही समोर जाऊन उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. बेल वाजवली आणि उभी राहिले. बऱ्याच वेळानं निशानं दार उघडलं. डोळे सुजलेले होते. ती दारातून थोडी बाजूला झाली.