आईचा पाय आणि मामाचं बसणं

आमच्या आईने देवाकडे कुणाची तक्रार केली असेल, तर ती फक्त तिच्या धाकट्या भावाची. रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की ती शेवटी आपलं एक वाक्य जोडायची, “आणि देवा, माझ्या भावाचा आळस घालव.” मामा तिथेच ओटीवरच्या बाकावर बसलेला असायचा. सगळ्यांबरोबर तोही मोठ्याने “आमेन” म्हणायचा.

आम्ही रेवदंड्याजवळच्या ख्रिस्ती वाडीतले. चर्चच्या मागे मोजकी घरं, नारळी-पोफळीच्या लहान लहान बागा आणि त्यापलीकडे खाडी. मी न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करते आणि शनिवारी घरी येते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आई आणि मामा दोघंच. मामाने लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, “लय कामाचं असतंय ते.”

आई उजाडायच्या आत उठायची. चर्चचं अंगण झाडायचं, वेदीवरची कापडं धुऊन इस्त्री करायची, बागेला पाणी सोडायचं, भाकऱ्या थापायच्या, सुकटीला ऊन दाखवायचं, आणि यातून वेळ उरलाच तर दुसऱ्या कुणाचं तरी काम ओढून घ्यायचं. आम्हा मुलांना धर्मशिक्षण तिनेच दिलं. आळशी माणसाने मुंगीकडे बघून शहाणं व्हावं, हा तिचा आवडता धडा. तो ती नुसता सांगायची नाही. आम्हाला चर्चमागच्या आंब्याखाली नेऊन उकिडवं बसवायची. “बघा. एक तरी बसलीय का?”

एकदा एक मुलगी म्हणाली, “टीचर, ती बघा, एक बसलीय.”

आईने वाकून पाहिलं. “ती मेली असंल,” ती म्हणाली, आणि धडा पुढे गेला.

मामाने एकेकाळी आगरदांड्याच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचं काम केलं होतं. ते त्याने सोडलं. आईने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “बाय, सारखं हिकडून तिकडं आन तिकडून हिकडं. पोचायचं कुठंच न्हाय.” त्यानंतर तो बागेतले नारळ पडले की उचलायचा. पाडायचा नाही, पडले की उचलायचा. दुपारचं जेवण झालं की “जरा पडून येतो” असं सांगून बाहेर जायचा, तो दिवेलागणीला परत. बागेत, चर्चच्या कट्ट्यावर, कुठे पडत असेल तिथे. आईने कधी शोधलं नाही. ती कामात असायची.

दोन वर्षांपूर्वी, आमच्या चर्चचा सण तोंडावर आलेला असताना, आई विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. अलिबागच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही.

“मग मी करू काय?” आईने विचारलं.

“काहीच नाही. तेच औषध आहे.”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा डॉक्टर बदलून दुसरा बघायला हवा.

मी रजा काढून घरी राहिले. आईची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीशी टाकली. तिथून ती आवाजावर घर चालवू लागली. कुकरची शिट्टी राहिली, मांजर आत आलं, नळ गळतोय. हातांना काम हवं म्हणून भिजवलेले वाल तिच्या पुढ्यात ठेवले. ते तिने तासाभरात सोलून टाकले. सलग आठवडाभर आम्ही वालाचं बिरडं खाल्लं. मग तिने तांदूळ निवडायला घेतले. त्यात खडाच सापडेना, तेव्हा ती दुकानदारावर चिडली, की आजकाल फारच साफ माल देतात.

रविवारी चर्चमधली मिस्साची उपासना झाल्यावर फादर तिला कम्युनियनचा प्रसाद द्यायला घरी आले. आमचे फादर तरुण होते, वाडीत नवे. प्रार्थना झाली, मी चहा आणला. आईने विषय काढला. “फादर, आळस हे मोठ्या सात पापांतलं एक ना?”

“हो.”

“मग मी दीड महिना पाप करू?”

फादर हसले. दोन बहिणींच्या घरी प्रभू येशू पाहुणा आला होता, ती गोष्ट आठवते का, असं त्यांनी विचारलं. एक बहीण स्वयंपाकात राबत होती, दुसरी त्याच्या पायाशी ऐकत बसली होती, आणि प्रभूने बसलेलीचीच बाजू घेतली.

आई या गोष्टीची वाटच पाहत असावी. “ती ऐकत बसली, ते बरंच केलं. पण मग जेवायला काय होतं त्या दिवशी? कुणीतरी रांधलंच असंल ना? आन त्या बसलेलीनंबी खाल्लंच असंल.”

फादर विचार करत म्हणाले, “बाई, जुने मठातले साधू आळसाला पाप म्हणायचे, ते हात रिकामे असतात म्हणून नाही. जिथे आपली माया हवी असते, तिथे जायचा मनाला कंटाळा येतो, त्याला ते आळस म्हणायचे. तो कंटाळा माणूस झोपून करतो, तसा दिवसभर कामात राहूनही करतो.”

“म्हणजे मी चर्च झाडते तो आळस?”

“तसं नाही म्हणालो मी,” फादर घाईने म्हणाले, आणि त्या घाईत गरम चहाचा मोठा घोट घेतला. जीभ भाजली आणि विषय तिथेच संपला.

ते गेल्यावर आई बराच वेळ धुमसत होती. “पोर अजून लहान हाय. शिकंल,” असा निकाल तिने शेवटी दिला.

त्याच दिवसांत मामा तिच्या खाटेशी बसू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खुर्ची ओढली आणि बसला. पहिले दोन दिवस दोघांची भांडणंच झाली. आई म्हणायची, “काय उगा बसलायस, नारळ तरी सोल.” मामा म्हणायचा, “व्हय, सोलतो,” आणि बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी मी आत भाजी चिरत होते, आणि बाहेरून हसणं ऐकू आलं. दोघं त्यांच्या वडिलांविषयी बोलत होते. ते होडीतून उतरताना चिखलात रुतले होते आणि बूट तिथेच सोडून अनवाणी मिस्साला गेले होते, ती गोष्ट. माझ्या आजोबांची ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती. आईला सांगायला वेळ कुठे होता?

आमच्या पलीकडच्या घरात एक म्हाताऱ्या बाई राहतात. सगळी वाडी त्यांना काकी म्हणते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. मुलगा जहाजावर, सून अलिबागला दवाखान्यात नर्स, दिवसभर बाहेर. काकींना दोन्ही वेळचा डबा आमच्या घरून जातो. तो आईनेच सुरू केला आणि एक दिवसही चुकवला नाही. आईचा पाय मोडल्यापासून तो मी नेत होते. एका दुपारी डबा ठेवून मी निघाले, तर काकींनी हाक मारली.

“तुझा मामा बरा हाय ना गं?”

“हो, काकी. का?”

“येत न्हाय हल्ली. म्हटलं, त्याचाबी पाय मोडला का काय.”

मला कळेना. मी विचारलं तेव्हा समजलं, की मामा रोज दुपारी काकींकडे जात होता. गेली चार-पाच वर्षं. सून कामावर गेल्यानंतरची सगळी दुपार तो त्यांच्या खाटेशी बसायचा.

“काय करतो मामा इथे?”

काकी जरा विचारात पडल्या. “बसतो,” त्या म्हणाल्या. “चांगला बसतो.”

मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, बघ, तिथंही बसलाच. पण तिने निवडायच्या तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं. संध्याकाळी मामा खुर्ची ओढून बसला तेव्हा तिने विचारलं, “काकीकडं जात व्हतास, सांगितलं का न्हाईस?”

“त्यात सांगायचं काय? मी पडून येतो म्हणायचो. थोडा पडायचोबी तिथं. त्यांच्याकडं बाकडं चांगलं हाय.”

“काय बोलता दोघं?”

“ती बोलती, मी ऐकतो. कधी ती बोलत न्हाय.”

“मग?”

“मग मीबी बोलत न्हाय.”

आई प्लास्टरकडे बघत म्हणाली, “मी रोज दोनदा जायचे रे तिच्या दारात. डबा ठेवायचा, कालचा उचलायचा. ती म्हणायची, बस गं जरा. मी म्हणायचे, कुकर लावलाय.” मांडीवरची चादर सारखी करत ती म्हणाली, “दर येळी काय कुकर लावलेला नसायचा.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिनेच मामाला काकींकडे धाडलं.

आता इथे कुणाला वाटेल, मामा म्हणजे लपलेला संत निघाला. तसं काही नाही. सणाच्या जेवणाला माणसं कमी पडत होती. आईने खाटेवरून मामाला मटणाचा टोप सांभाळायला पाठवलं. काम एवढंच, की चुलीपाशी उभं राहून अधूनमधून ढवळायचं. मामाने थोडं ढवळलं, मग खुर्ची मागितली, आणि मिस्सा संपून लोक बाहेर आले तेव्हा तो घोरत होता. टोपाचा तळ करपला होता. सगळ्या वाडीने करपट मटण आणि वडे खाल्ले. फादरांनी दोनदा वाढून घेतलं. ते तरुण असले तरी मनाने मोठे होते.

मी मामाची बाजू घ्यायला गेले. म्हटलं, “आई, तो काकींकडे जातो ना, तेही कामच आहे.”

मामानेच मला अडवलं. “न्हाय गं. ते येगळं, हे येगळं. काकीकडं मी बसतो कारण मला बरं वाटतं. टोप जळला तो माझ्या आळसानं. त्यावर हे झाकण नको घालू.”

आई त्याच्याकडे पाहतच राहिली. त्याने आळस कबूल केलेला तिने पहिल्यांदाच ऐकला होता. संधी साधून तिने तिथल्या तिथे सांगितलं, “मग दर शनवारी चर्चचं अंगण तू झाडायचं. माझा पाय बरा झाला तरी.”

मामा ते झाडतो, अजूनही. आईला लागायचा त्याच्या तिप्पट वेळ लावतो, मधे कट्ट्यावर बसतो, पाचोळा एका कोपऱ्यात गोळा करून कधीकधी तिथेच विसरतो. पण झाडतो.

प्लास्टर निघालं आणि काठी घेऊन आई पहिल्यांदा घराबाहेर पडली, ती काकींकडे. मी सोबत होते. काखेत तिने वालाचं भांडं धरलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या ती सोलायला लागली. काकींनी बघितलं.

“ते खाली ठेव. तू आलीस का वाल आलेत मला बघायला?”

आईने भांडं खाली ठेवलं. हात मांडीवर ठेवले. मग तिची नजर वर गेली. “पंखा पुसायला झालाय, काकी.”

“तो पंखा मी रोज बघते, बाय. मला नको सांगू.”

आई गप्प झाली. काकीही गप्प. मला त्या खोलीत अवघडल्यासारखं झालं, आणि मी काहीतरी निमित्त काढून घरी आले. नंतर काय झालं ते मला ठाऊक नाही. आई परतली तेव्हा अंधारलं होतं आणि तिचे डोळे लाल होते, पण ती खुशीत दिसली. वालाचं भांडं ती तिथेच विसरली होती.

हल्ली ती आठवड्यातून दोन-तीन दुपारी जाते. बाकीच्या दुपारी मामा. बाकी आई आहे तशीच आहे: उजाडायच्या आत उठते, बागेला पाणी सोडते, मला शनिवारी आल्या आल्या कामाला लावते. फादरांचं म्हणणं तिला पटलं की नाही, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मात्र यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांनी आळसावर प्रवचन केलं, तेव्हा नेहमीसारखं मान वळवून तिने मामाकडे पाहिलं नाही. समोरच बघत बसली. मामा जागा आहे की नाही, हे पाहायला मीच वळले.

गेल्या शनिवारी मी संध्याकाळचा डबा घेऊन काकींकडे गेले. मी दारात पोचताच काकींनी खाटेवरूनच धड असलेला हात वर करून मला थांबवलं. आई खुर्चीत झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं, चपला पायांतून निसटलेल्या.

“कधीची झोपलीय?” मी हळूच विचारलं.

“मघाशी. माझंच काहीतरी चाललं होतं, आन ही झोपली.” काकींना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. “उठवू नको. मी हाय जागी.”

मी डबा खिडकीत ठेवला, आईच्या चपला खुर्चीखाली सरळ करून ठेवल्या, आणि घरी जाऊन भात टाकला.