वरचे फोटो खाली येईनात

मी दौंडची. रेल्वेच्या खडखडाटात लहानाची मोठी झाले, त्यामुळं आवाज मुळातच मोठा. लग्न होऊन कवठे येमाईजवळच्या आमच्या वस्तीवर आले, तेव्हा माझे सासरे, म्हणजे आप्पा, पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सूनबाई, आमी हितंच हाय. हळू बोललं तरी ऐकू येतंय." त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण याच आवाजानं पुढं या घरातलं एक मोठं काम केलं.

थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. आम्ही दोघी शिरूरच्या एका फोटो स्टुडिओची लग्नाच्या अल्बमची कामं घरीच करतो. फोटो निवडणं, पानं लावणं माझ्याकडं आणि रंग ताईंकडं. आता रंगात एवढं काय, असं कुणी म्हणालं तर त्याला मी हळदीचे फोटो दाखवते. नवरी पिवळी, करवल्या पिवळ्या, मागचा पडदाही पिवळा. त्या सगळ्या पिवळ्यातून नवरीचा चेहरा वर आला पाहिजे आणि हळद मात्र हळदच राहिली पाहिजे. ताईंना ते जमतं. मी हात लावला की नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते.

गेल्या साली ताईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. आमचा कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर. तो खाली आणावा तर ताईंची खोली पलंगानंच भरलेली, दोघींची दोन टेबलं मावणं शक्यच नव्हतं. म्हणून ताईंसाठी खाली दुसरा कॉम्प्युटर घेतला, आणि आमच्या ह्यांनी वरून खालपर्यंत वायर ओढून दिली. वरचे फोटो आता ताईंना बसल्या जागी दिसणार, असं मी घरभर सांगत सुटले.

दिसतायत कुठले! मग पेन ड्राइव्ह. मी वरून फोटो घेऊन खाली, ताई रंग करणार, मी ते घेऊन परत वर. वर गेलं की नव्या-जुन्यांत घोळ होऊन पानात जुनेच फोटो. पुन्हा खाली. दुपारच्या उन्हात तो बाहेरचा दगडी जिना चढता-उतरता माझ्या नाकी नऊ आले, आणि त्यात दोनदा रंग केलेले फोटो माझ्याच हातून पुसले गेले. काम इतकं रखडलं की एक दिवस स्टुडिओवाल्याचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, तिथंच चुकलं.

"थोरल्या वहिनींना जमत नसेल तर रंगाचं काम दुसरीकडं देऊ का? तुम्ही फक्त पानं लावा."

ताईंनी ऐकलं. "द्या म्हणावं," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. शेतातलं काम गेलं, चुलीपुढं बसणं गेलं, आता हेही जाणार, हे त्यांना बोलून दाखवायची गरज नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोनवर "दोन दिवस थांबा" म्हणाले आणि कामाला लागले.

शिरूरहून एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं वायर हलवली, बंद-चालू केलं आणि म्हणाला, "मॅडम, आतलं सगळं पुसून दोन्ही फॉरमॅट मारावे लागतील."

"मारायला ते काय ढेकूण आहेत?" मी म्हणाले. "आणि आतली लग्नं? त्या नवऱ्या परत उभ्या करणार का तुम्ही?"

तो चहा न घेताच गेला. बरंच झालं.

मग मीच बसले. वायर जिथं कॉम्प्युटरला लागते तिथला दिवा पेटतच नव्हता. टोकाचं प्लास्टिकचं बोंडूक ढिलं निघालं. ह्यांनी त्यांच्या कंपनीतल्या मित्राकडून अवजार आणून ते नव्यानं दाबून बसवलं, आणि दिवा लुकलुकायला लागला. मी उडीच मारली! खालच्या कॉम्प्युटरवर वरच्याचं नावही दिसलं. त्यावर टिचकी मारली, तर तो नाव आणि पासवर्ड मागायला लागला. आता पासवर्ड कुठला? वरच्याला आम्ही कधी पासवर्ड लावलाच नव्हता.

त्याला कारण आप्पाच. आमच्या वस्तीवर घराला कुलूप लागत नाही. घरात कायम कुणी ना कुणी असतंच, आणि माणूस असताना कुलूप लावणं म्हणजे आप्पांना आल्यागेल्याचा अपमान वाटतो. वरचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदार पासवर्ड घालत होता, तर आप्पांनी त्याचा हातच धरला. "आमच्या घरात कुणी कुणापसनं काय लपवत न्हाई." तेव्हापासून तो उघडाच. म्हणून मी नाव लिहायची, पासवर्डची जागा रिकामी सोडायची आणि बटण दाबायची. खाली इंग्रजीत काहीतरी यायचं, मी चिडून ते बंद करायची, की पुन्हा तेच. मी फोल्डर दहा वेळा शेअर केला. सगळ्यांना परवानगी दिली. देवालासुद्धा दिली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पट्टा बांधून कशाबशा खुर्चीवर बसल्या. "तू वर जा, मी हितनं दाबते," म्हणाल्या. मी वर गेले आणि खिडकीतून ओरडले, "ताई, दिसलं का?"

"न्हाई. काय तरी लिव्हलंय."

"बंद करा ते!"

"बंद कशापायी? वाचू तरी दे." ताई मोबाइलच्या डब्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून काढणाऱ्या बाई. त्यांनी एकेक शब्द लावत वाचलं आणि खालून हाक दिली, "अगं ए, हे म्हणतंय रिकामा पासवर्ड चालत न्हाई!"

मी जिन्यावरून कशी खाली आले ते मला आठवत नाही. खरंच तसं लिहिलं होतं! ज्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही त्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शिरता येत नाही. आम्ही दार सताड उघडं ठेवलं होतं, म्हणूनच ताईंना आत घेत नव्हतं!

आता आप्पा. ओसरीवर लसूण निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"कुलूप नसलं की आत घेत न्हाई?" आप्पा म्हणाले. "हे कुठलं येडं यंत्र म्हणायचं?"

"येडं तर येडं, आप्पा. पण पासवर्ड लावला नाही तर ताईंचं काम जातंय."

आप्पांनी लसणाचा गड्डा खाली ठेवला. ताईंच्या खोलीकडं बघितलं. ताई दाराकडं पाठ करून खुर्चीत बसल्या होत्या.

"थोरलीसाठी लावा," आप्पा म्हणाले. "पर चावी घरातल्या सगळ्यांला म्हाईत पायजे. मला बी."

पासवर्ड आप्पांनीच सुचवला. तो मी इथं सांगत नाही, पण आमच्या वस्तीवर तो माहीत नाही असा माणूस नसेल, कारण वर जाऊन कॉम्प्युटरला लावल्यावर तो मी खिडकीतून खाली ओरडूनच सांगितला.

ताईंनी एका बोटानं तो टाकला. मी खिडकीत कान देऊन उभी. मग ताईंची हाक आली, आणि ऑपरेशन झाल्यापासून त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या नव्हत्या.

"अगं बये, ह्या नवरीच्या मावशीला एवढं गोरं कुणी केलंय? वळखू यायची न्हाई ती तिच्या नवऱ्याला!"

"दिसली? मावशी दिसली?"

"मावशी दिसली, मामा दिसला, सगळं वऱ्हाड दिसतंय! आन् तू काय काय घाण करून ठेवलीयस ती बी दिसती!"

जिंकलो! मी खिडकीतच नाचले. ताई खालून मला एकेक फोटो काढून शिव्या घालत होत्या आणि मला इतका आनंद होत होता की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओसरीवरून आप्पा म्हणाले, "एक होती ती पुरी न्हाई झाली, आता दोघी वरडायला लागल्या."

मी खाली येऊन तडक स्टुडिओवाल्याला फोन लावला. आता ह्याला चांगलं सुनवायचंच, असं ठरवून तोंड उघडलं, तर ताईंनी हात पुढं केला आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

"मी थोरली बोलतीय," त्या म्हणाल्या. "रंगाचं काम कुठं द्यायचं न्हाई. हळदीचे फोटो आधी पाठवा."