जर्मन थांबला तेव्हा

जर्मन बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नसे, ओठांकडे पाहत असे. नारपोलीतल्या आमच्या आळीच्या बायका त्यामुळे त्याला चावट समजत आणि तो दिसला की पदर तोंडावर ओढून घेत. झाकलेल्या तोंडाचं त्याला काहीच कळत नसे. मग तो नुसता हसे, आणि त्या हसण्याने अधिकच चावट ठरे. खरं कारण इतकंच होतं की मिसरूड फुटल्यापासून कापडाच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात उभं राहून त्याचे कान निकामी होत चालले होते. पापण्यांवर कापसाची पांढरी लव घेऊन तो आमच्या दारी येई, तेव्हा अंगाला सुताच्या खळीचा आंबूस वास असे.

तो वळ गावचा. माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, शेजारच्या लूमवर त्याची ड्युटी. शुक्रवारी लूम बंद असले की दोघे आमच्या घरामागच्या मैदानात फुटबॉल खेळत. मी अकरावीत असताना त्याने भज्यांच्या पुड्याचा तेलकट कागद वाचून दाखव म्हणून माझ्यापुढे धरला. इंग्रजी मासिकाचं पान होतं ते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका जर्मन फुटबॉल खेळाडूची हकिकत. एका सामन्यात त्याने एकट्याने दहा गोल केले होते. पुढे तो देशासाठी युद्धात लढला. आणि पुढे, तो ज्यू म्हणून, त्याच देशाच्या राज्यकर्त्यांनी त्याचं नाव खेळाच्या पुस्तकांतून काढून टाकलं. त्याला देश सोडावा लागला.

"नाव पुसला?" जर्मनने विचारलं.

"हो."

"पुसंनात. दहा गोल झालं तं झालंच ना, बाय? ते कसं पुसतील?"

ही गोष्ट त्याने भेटेल त्याला सांगितली, आणि त्याचं नाव जर्मन पडलं. त्याला वाटे, मान मिळाला. पण आमच्या स्वयंपाकघरांत जर्मन म्हणजे अॅल्युमिनियमचं स्वस्त भांडं. मैदानाच्या कडेला पोरं पातेली बडवत ओरडत, "ए जर्मन का भगोना! ठोको, देखो बजता है क्या!" तो त्यांना हात उंचावून नमस्कार करी.

शिट्टी त्याला ऐकू येत नसे. रेफरीने खेळ थांबवलेला असे, सगळे कमरेवर हात ठेवून उभे, आणि हा एकटा चेंडू घेऊन वाऱ्यासारखा धावत सुटे, गोल मारी, दोन्ही हात पसरून मैदानभर पळे. हशा पिके. इतकं देखणं पळणं मी पुन्हा पाहिलं नाही, आणि ते पाहताना मीही हसत असे.

शेवटी अण्णाने तोड काढली. लूमच्या आवाजात कामगार हातांनीच बोलतात. मूठ आवळून वर केली की माग बंद. शिट्टी झाली की अण्णा मूठ वर करी, आणि जर्मन जागच्या जागी थांबे. वळून पाहत नसे, काही विचारत नसे. डोळ्याच्या कोपऱ्यात मूठ दिसली की पाय थांबलेच. वर्षानुवर्षांची ती सवय होती. न थांबलेल्या मागात बोटं जातात.

त्या पावसाळ्यानंतर ठाण्याच्या एका कारखान्याची माणसं आपल्या संघासाठी खेळाडू निवडायला आली. जागा एकच, आणि तिच्याबरोबर गोदामातली नोकरी. डॉक्टरांनी जर्मनला बजावलं होतं, लूम सोडला नाहीस तर उरलंसुरलंही जाईल. "तिथं आवाज न्हाय," तो मला म्हणाला होता, "तिथं रेडिओ ऐकीन मी." ती जागा अण्णालाही हवी होती.

मी गच्चीवर होते. शेवटची काही मिनिटं. जर्मन तिघांना चुकवून पुढे निघाला. समोर फक्त गोल आणि गोंधळलेला गोलकीपर. मैदान चिडीचूप होतं, आरडाओरडा नाही की शिट्टी नाही. अण्णाने मूठ वर केली.

जर्मन थांबला. गोलकीपरने येऊन त्याच्या पायातला चेंडू निवांत उचलला. मग जो हशा उठला, तो त्याने फक्त पाहिला.

जेवताना अण्णा म्हणाला, "काय थांबला गं! बटण दाबल्यासारखा." आई हसली. माझ्याही तोंडातला घास हसण्याने सांडला. नोकरी अण्णाला मिळाली.

जर्मन पुढे कित्येक वर्षं ज्याला त्याला विचारत फिरला, शिट्टी वाजली होती का. लोकांना खेळच मिळाला. एक म्हणे "वाजली", दुसरा म्हणे "कहाँ बजी रे!", आणि तो दोघांकडे आलटून पालटून पाहत राही. तोवर त्याचे कान पूर्ण गेले होते. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो दारात आला. हातात अबोलीचा गजरा.

"बाय, तू उद्या जाशील. तू गच्चीवर व्हतीस. तू खोटं न्हाय बोलत. वाजली व्हती का?"

आत मांडवासाठी अण्णाने आणलेल्या झेंडूचे ढीग होते, अण्णाच्याच पगारातून घेतलेला शालू होता. मी होकारार्थी मान हलवली.

त्याचा चेहरा निवला. "मंग बरोबर थांबलो मी," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, खाली पाहत, "तुझ्या भावाबद्दल लय वाईट आणलं मनात. इतकी वर्सं."

दुसऱ्या दिवशी मांडवात, पंगत उठण्याआधी, तो अण्णापुढे हात जोडून गुडघ्यांवर बसला. मी बोहल्यावरून पाहत होते. अण्णाने त्याला खांद्याला धरून उठवलं, बुंदीचा लाडू भरवला, आणि चारचौघांदेखत मोठ्या मनाने माफ केलं.