रशीदभाईंची लांब वाक्यं

हंगेरीच्या एका कादंबरीकाराला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, त्या दिवशी मी रशीदभाईंच्या घरी गेलो. त्यानंतर बाराव्या दिवशी रशीदभाई गेले. त्याला आता दीड महिना झाला.

नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ते ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की मूठभर कापूस घ्यायचा, सरकी बाजूला काढायची आणि दोन्ही हातांच्या चिमटीत तंतू धरून हलके ओढायचा... तो किती लांब येतो, कुठे तुटतो, यावरून ते मालाची प्रत सांगत. मी तिथल्याच कॉलेजात ग्रंथपाल. त्या लेखकाची एक कादंबरी, इंग्रजी भाषांतरातली, देणगीच्या खोक्यातून आमच्याकडे आली होती. ती कुणीच नेत नव्हतं. रशीदभाईंनी नेली आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा आपल्याच नावावर चढवत राहिले. मग कळलं, की ते तिचं मराठी करताहेत.

बोंडअळीला दाद न देणारं बीटी कापसाचं बियाणं तेव्हा नुकतंच आलं होतं. त्यांनी पहिली वही मला दाखवली. मूळ वाक्यं पानपानभर चालणारी, यांनीही ती तशीच ठेवलेली. मी लाल पेन घेऊन त्यांत पूर्णविराम टाकत गेलो. एका वाक्याची अकरा वाक्यं केली, आणि वही परत देताना म्हणालो, "असं कुणी वाचणार नाही, रशीदभाई."

ते पानं उलटत राहिले. "साहेब, गाडीवाल्याले मी विचारतो, औंदा कसं काय? तं तो बियाण्यावरून फवारणीवर जाते, फवारणीवरून पोरीच्या लग्नावर... थांबतच नाही. थांबला तं रडन तो. त्याले कुठं थांबवू, सांगा?"

मी हसलो. त्यांनी ती वही पहिल्यापासून पुन्हा लिहून काढली आणि मला दाखवली नाही. पुढे वीसेक वर्षं आम्ही रोज सोबत चहा प्यायलो. बीटीचं पहिल्या वर्षांचं कौतुक ओसरलं, बोंडात पुन्हा अळी शिरली, जिनिंगच्या आवारात माणसं आणखी लांब बोलू लागली. वह्या वाढत होत्या, हे मला त्यांच्या पत्नी शमीमभाभींकडून कळे. रशीदभाईंपुढे तो विषय काढायची मला लाज वाटे.

पुरस्काराच्या दिवशी ते खाटेवर होते. कापसाच्या धुळीनं छाती भरलेली.

"रशीदभाई, तुमच्या हंगेरीवाल्याले इनाम भेटलं."

ते म्हणाले, "म्हणजे त्याले कोणी ग्रंथपाल नव्हता भेटला."

स्वयंपाकघरातून भाभी म्हणाल्या, "इनाम त्याले, अन् चहा मी मांडून राह्यली!"

"माझं चुकलं होतं," मी म्हणालो.

"इनाम भेटलं म्हणून चुकलं का?"

खरं तर तसंच होतं. ते म्हणाले, "वाचा मंग. बिनइनामाचं वाचा."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी त्यांच्याजवळ बसून वह्या मोठ्यानं वाचू लागलो. आधी मला दम पुरेना. मी मध्येच थांबलो की ते हातानं खुणावत, चला, चला. चौथ्या दिवशी मी एक वाक्य अडीच पानं न थांबता वाचून गेलो आणि ते संपलं तेव्हा वही मांडीवर ठेवली. कादंबरीतल्या त्या परदेशी गावाचा माणूस मला आमच्या जिनिंगच्या आवारात ऐकू आला होता. पूर्णविराम असते, तर तो मला अकरा वेळा सोडून गेला असता.

"रशीदभाई," मी म्हणालो, "चुकलंच होतं माझं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हाव," म्हणाले. "आता पटलं. प्या चहा."

ते गेल्याचं दुःख आहे. पण हे बोलायचं राहून गेलं असतं तर, या विचारानं मी आजही दचकतो, आणि ते राहिलं नाही म्हणून मोकळा श्वास घेतो.

शेवटचं प्रकरण मराठीत व्हायचं राहिलं आहे. भाभींनी ते मला करायला सांगितलं. रोज अर्धं पान होतं.