केरीच्या तोंडावरची पांढरी भिंत

वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरून आम्ही निघालो तेव्हा निरोपाला बरीच मंडळी जमली होती, आणि ती काही आमच्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. नवरात्र संपलं होतं, समुद्र निवला होता. दिवाळीच्या आधी आमच्या हौशी लोकांच्या होड्या बायकामुलांना घेऊन गोव्यात मांडवीपर्यंत जायच्या होत्या. पावसाळ्यात नद्यांच्या तोंडावरची वाळू कुठून कुठे सरकते ते कोणाला सांगता येत नाही, तेव्हा आधी कोणीतरी जाऊन पाण्याची बातमी आणावी असं ठरलं. ‘कोणीतरी’ म्हणजे आमचे हेच असणार, हे मला बैठक सुरू व्हायच्या आधीच ठाऊक होतं. ह्यांना नाही म्हणता येत नाही. मी बरोबर निघाले ती पाण्याच्या हौसेनं नाही. एकट्यानं सोडलं तर हे वाटेत आणखी कोणाला काय कबूल करून बसतील याचा नेम नाही, म्हणून. शिवाय डिचोलीत आमोण्याला माझी नणंद असते, तिची भेट होणार होती.

आमची होडी लाकडी, मागे छोटं इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. हे सुकाणूवर आणि मी पुढे डब्यांच्या राखणीला. शिरोडा मागे पडेपर्यंत समुद्र इतका शहाण्यासारखा वागत होता की मी दोनदा डुलकी काढली. तेरेखोलचा किल्ला दिसू लागला तशी ह्यांनी मला उठवलं आणि मामांनी शिकवलेली खूण पुन्हा एकदा समजावून सांगितली. ह्यांचे मामा जन्मभर मासेमारी करत. तेरेखोल नदीत शिरायचं तर टेकडीवर एकटा उभा असलेला आंबा बघायचा आणि खाली काठावरच्या खडकावर पांढरा खुरीस (चुना काढलेला क्रूस) बघायचा. खुरसाच्या बरोबर डोक्यावर आंबा आला की खोल पाण्याची वाट सापडली. थोडं इकडेतिकडे झालं की दक्षिण काठावरच्या केरी गावाच्या बाजूचा वाळूचा दांडा.

“दिसतंय का काही पांढरं?” ह्यांनी विचारलं.

दिसत होतं. माडांच्या मधून असं लख्ख पांढरं काहीतरी चमकत होतं की आंधळ्यालाही दिसावं. आंबाही दिसत होता. ह्यांनी होडी हळूहळू सरकवून आंबा त्या पांढऱ्यावर नीट बसवला, माझ्याकडे बघून मामांच्या आठवणीनं हसले आणि आत घातली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आधी खालून खरखर आली. मग होडी अशी थांबली की मी डब्यांसकट पुढे आपटले. मागून आलेल्या लाटेनं आम्हाला आडवं केलं, दुसरी सरळ आत आली. भर सकाळी, किनारा हाकेच्या अंतरावर, गुडघाभर पाण्यात आपण बुडणार आहोत हे माझ्या मनाला पटतच नव्हतं. हे इंजिन वर ओढत होते आणि सारखं एकच म्हणत होते, “खूण बरोबर होती गं, खूण बरोबर होती.” मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

केरीहून एक होडी आली. त्यातल्या दोघा रापणकारांनी (ओढजाळ्यानं मासे पकडणाऱ्यांनी) दोर टाकला आणि पुढची मोठी लाट यायची वाट बघून आम्हाला दांड्यावरून ओढून काढलं. इतक्या सराईतपणे, की जणू रोजचंच काम. त्यातला थोराड, पिकल्या मिशांचा गोपी म्हणून होता. त्यानं ह्यांना विचारलं, “भिंत पळोवन इलात न्हय?” (भिंत बघून आलात ना?)

कसली भिंत ते आम्हाला कळेना. त्यानं हात केला. आम्ही ज्याला खुरीस समजलो होतो ती एका घराची समुद्राकडची भिंत होती, वरपासून खालपर्यंत ताज्या चुन्यानं पांढरीफेक. खरा खुरीस तिच्या डावीकडे बऱ्याच अंतरावर, नदीच्या पलीकडच्या काठावर होता, पावसाच्या शेवाळानं हिरवाकाळा झालेला, दाखवल्याशिवाय दिसू नये असा. त्याच्या फेस्ताच्या (वार्षिक सणाच्या) आधी चुना काढतात, आणि फेस्त अजून लांब होतं.

“ही भिंत बघून आणखी कोणी फसलं होतं का?” मी विचारलं.

गोपीनं दोर गुंडाळत सांगितलं, की बाहेरची होडी आली की बहुतेक फसतेच. गावातल्यांना खुणेची गरज नाही, त्यांना दांडा पायाखालचा आहे. मग भिंत दुसऱ्या रंगानं रंगवून टाकायला काय झालं, असं मी जरा चढ्याच आवाजात म्हटलं. त्यानं गुंडाळलेला दोर होडीत टाकला.

“पूण तातूक सांगतलो कोण?” तो म्हणाला. (पण तातूंना सांगणार कोण?) आणि मग आम्हाला बजावलं, “विचारलांच तर इंजिन बंद पडलां म्हणून सांगा.”

होडीचं एक फळकूट सुटलं होतं, ते ठोकून घेईपर्यंत मुक्काम करणं भाग होतं. आमचं नशीब असं की केरीत खोल्या भाड्यानं देणारं जवळचं घर तेच, तातूंचं. अंगणात ओल्या कपड्यांनी उभे होतो तेवढ्यात ते काठी टेकत बाहेर आले. ऐंशीच्या घरातले, अंगानं काटक, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि बोटांच्या पेरांत अजून चुना. आमची विचारपूस करायच्या आधी त्यांनी विचारलं, “भिंत दिसली?”

“दिसली, तातू,” हे म्हणाले. सांगितलं ना, ह्यांना नाही म्हणता येत नाही.

म्हातारा असा फुलला की विचारू नका. मग होडीला काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मागून गोपीनंच इंजिनाचं सांगून टाकलं. तातूंनी कीव आल्यासारखी मान हलवली. “आताचीं इंजिनां कामाचीं नाय. सगळीं आमच्या तोंडारच बंद पडतत.” मी ह्यांच्याकडे बघितलं, हे पायाखालच्या जमिनीकडे बघत होते.

तातूंची सून शेवंती, हसतमुख आणि कामाला वाघ. तिनं आम्हाला कोरडे कपडे दिले, चहा दिला, बरोबर उंडो (कडक सालीचा गोल पाव). दुपारी सुंगटांचं हुमण (कोलंबीची आमटी) आणि भात. चुलीत लाकडं सारताना तिनं सगळी हकिकत सांगितली. फार वर्षांमागे तातू धुक्यात तोंडाबाहेर अडकले होते. खुरीस दिसेना, आत शिरता येईना, आणि बरोबरचा धाकटा भाऊ लाटेनं गेला. घर बांधलं तेव्हा त्यांनी समुद्राकडच्या भिंतीला एकही खिडकी ठेवली नाही, ती अख्खी पांढरी लांबून दिसावी म्हणून. पाऊस सरला की स्वतः शिडीवर चढून तिला चुना काढायचा, दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. त्या भिंतीच्या आधारानं होड्या सुखरूप आत येतात, एवढ्या एका समाधानावर म्हातारा जगतो आहे. तोंडावर होडी अडकली की गावातले लोक जाऊन ओढून काढतात आणि तातूंना इंजिनाचं सांगतात. वर्षानुवर्षं हेच. शेवंतीच्या नवऱ्याला, उमेशला, सगळं माहीत, पण बापापुढे त्याची जीभ उचलत नाही.

राग आधीचाच होता, त्यात हे. अख्खं गाव एका माणसाचं मन राखायला इतर माणसांना वाळूवर आपटू देतं, वर त्यांनाच खोटं बोलायला लावतं, आणि हे सगळं किती मायेनं! संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, की आपण सांगू या. हे म्हणाले, आपण परके, उद्या निघून जाणार. आपल्या लोकांना भिंत सोडून खुरीस बघा म्हणून सांगितलं की झालं. मी विचारलं, शेवाळलेला खुरीस त्यांना दिसणार आहे का? आणि लाटेनं आडवं केलं तेव्हा तिथे मी होते, उद्या कडेवर पोर घेतलेली बाई असेल. ह्यांच्या ताटातला भात तसाच राहिला.

सकाळी तातूंनीच वाट करून दिली. पायरीवर चहा पिता पिता त्यांनी ह्यांना चांगल्या इंजिनाबद्दल सल्ला द्यायला सुरुवात केली. शेवंती उंबऱ्यात होती, उमेश आणि गोपी अंगणात फळकूट तासत होते.

“तातू,” मी म्हटलं, “आमचं इंजिन बंद पडलं नव्हतं. आम्ही तुमची भिंत खुरीस समजलो आणि दांड्यावर चढलो.”

तासणी थांबली. तातूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. तिनं मान खाली घातली. मुलाकडे, तो पाठमोरा झाला. रागाच्या भरात बोलणं वेगळं आणि बोललेलं समोरच्या माणसाच्या तोंडावर उतरताना बघणं वेगळं. म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली.

“माका भायर व्हरा.” (मला बाहेर न्या.)

भरतीला गोपीनं त्यांना आपल्या होडीत घेतलं. उमेश नको नको म्हणत शेवटी स्वतःच वल्ह्यावर बसला. मलाही तातूंनी यायला सांगितलं. तोंडाबाहेर गेल्यावर होडी वळवली. किती वर्षांनी ते बाहेर आले होते कोण जाणे, आणि चुना काढलेलं आपलं घर त्यांनी समुद्रातून पाहिलं नव्हतंच. घर बांधलं त्याच वर्षी त्यांनी समुद्र सोडला होता. काही वेळ त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं. खरंच, काय झळकत होती ती भिंत!

“खुरीस खंय आसा?” त्यांनी विचारलं. (खुरीस कुठे आहे?)

मी म्हटलं, “दिसत नाही, तातू.”

“आनी आंबो?”

गोपीनं होडी दक्षिणेकडे थोडी सरकवली, मग म्हणाला, “आता बघा.” आंबा बरोबर भिंतीच्या डोक्यावर येऊन बसला होता, आणि आमच्या पुढे, त्याच सरळ रेषेत, दांड्यावर लाटा फुटत होत्या.

तातू बघत राहिले. एकदा त्यांनी भिंगं काढून पुसली आणि पुन्हा पाहिलं. मग गोपीला एवढंच विचारलं, की कोणीच कसं बोललं नाही.

“कसां सांगतलों, तातू? तुमी इतक्या मायेन चुनो काडतास.”

परत आल्यावर तातू घरात जाऊन आडवे झाले, जेवले नाहीत. शेवंती माझ्याशी वाईट वागली नाही, पण बोललीही नाही. होडी दुरुस्त झाली तसे आम्ही निघालो. ह्यांच्याशी मी दिवसभर धड बोलले नसेन. खरं सांगितलं यात मला शंका नव्हती, आणि तरी एखाद्याच्या घरात घुसून देव्हारा पालथा करून आल्यासारखं वाटत होतं.

पुढचा प्रवास पाण्याच्या दृष्टीनं सरळ झाला. मांद्र्याच्या किनाऱ्याला लांबून जाळी टाकलेली असतात, त्यांच्यापासून दूर राहावं. शापोरा नदीच्या तोंडावरही वाळू आहे, तिथे आम्ही शिरलोच नाही. आमची हौस फिटली होती. मांडवीत मात्र वेगळाच धोका निघाला. खनिज वाहणाऱ्या बार्जी (मोठ्या मालबोटी) एकामागून एक खाली येत होत्या, पाण्याला टेकलेल्या, आणि त्यांच्या लाटेनं आमची होडी सुपातल्या दाण्यासारखी उडत होती. बार्ज दिसली की काठाकडे सरकायचं, हे पहिल्याच तडाख्यात शिकलो. आमोण्याचं पाणी लालसर, काठावर भाताची शेतं मात्र सोन्यासारखी. नणंदेनं नव्या तांदळाच्या पोळ्या (घावन) आणि नारळाचा रस केला. तिला मी केरीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, “वहिनी, तू बोललीस ते बरोबरच. पण मी नसते बोलले.” ते ऐकून मला ना धड बरं वाटलं ना वाईट.

परत येताना तेरेखोलसमोर पोचलो तेव्हा लाटा उंच झाल्या होत्या. ह्यांनी मला नेहमीसारखं विचारलं, काही पांढरं दिसतंय का. दिसत होतं, पण लहान, खडकावर, दोन हात पसरून उभं असलेलं. खुरीस! शेवाळ पार गेलेलं, धुतल्यासारखा स्वच्छ. आणि भिंत? मी माडांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. ह्यांनीही डोळ्यांवर हात धरून शोधलं. नव्हतीच. ह्यांनी खुरसावर आंबा बसवला, आणि आम्ही खालच्या वाळूला न शिवता अलगद आत गेलो.

काठाजवळ आलो तेव्हा कुठे घर ओळखू आलं. भिंत कावेनं (लाल मातीच्या रंगानं) सारवली होती, मागच्या टेकडीत मिसळून गेली होती. शिडी अजून टेकलेली होती. पुढे शेवंतीनं सांगितलं, की दोन दिवस तोंड फिरवून पडलेले तातू तिसऱ्या दिवशी उठले आणि स्वतः काव कालवायला बसले. उरलेला चुना देऊन त्यांनी उमेशला फेरीबोटीनं नदीपलीकडे पाठवलं, खुरीस राखणाऱ्या म्हाताऱ्या बाईची परवानगी घेऊन तो खुरसाला काढायला. या सगळ्यात ते माझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलले नाहीत.

ते स्वतः पाण्याच्या कडेला काठी रोवून उभे होते. हात तांबडे झालेले. होडी टेकण्याआधीच त्यांनी विचारलं, “भिंत दिसली?”

हे खाली उतरले, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “नाय, तातू. खूप शोधली. दिसली नाय.” तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून इतकं ठणठणीत ‘नाही’ मी पहिल्यांदा ऐकलं.

“खरां?”

“खरां,” मी म्हटलं. तातूंनी आपला तांबडा हात माझ्या डोक्यावर ठेवला. तो डाग लुगड्याच्या पदरावर उतरला, तो अजून गेलेला नाही.

वेंगुर्ल्याला आल्यावर धक्क्यावर सगळ्यांना पाण्याची बातमी दिली: शापोऱ्यात शिरू नका, मांडवीत बार्जींना वाट द्या, तेरेखोलात आंबा खुरसावर धरा आणि निर्धास्त जा. भिंतीचं काही बोललो नाही, आता बोलण्यासारखं उरलं नव्हतं. सांगितल्याप्रमाणे होड्या गेल्या आणि दिवाळीच्या तोंडावर सगळ्या धडधाकट परत आल्या. उतरता उतरता आमच्या शेजारीणबाई, नातवाला कडेवर घेऊन, मला म्हणाल्या, की प्रवास छान झाला, पण केरीला एक चमत्कारिक म्हातारा भेटला. प्रत्येक होडीला आडवा येऊन विचारत होता, भिंत दिसली का म्हणून. आम्ही म्हटलं, कसली भिंत, आम्हाला काही दिसलं नाही. तर असा खूश झाला, प्रत्येकाच्या हातात एकेक शहाळं दिलं.

“भिंत दिसली नाही म्हणून कोणी इतकं खूश होतं का हो?” त्यांनी विचारलं.