गिलक्याचा वेल आणि साडीची मागची बाजू

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी आईने माझी पहिलीवहिली स्वतःची डिझाईन हातात घेतली… आणि उलटी केली. पुढून बघितलीसुद्धा नाही!

थांबा, आधी थोडं सांगते. मी सुरतेत डिंडोलीला राहते आणि कडोदऱ्याच्या एका एम्ब्रॉयडरी युनिटसाठी पंचिंग करते. म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाईन काढायची आणि सुईने कुठून कुठे जायचं, त्याची फाईल मशीनला द्यायची.

प्रोफाईलवर मी ऐटीत 'डिजिटल आर्टिस्ट' लिहिलंय. खरं काम काय, तर शेठ कुठल्यातरी खपणाऱ्या साडीचा फोटो पाठवतात आणि म्हणतात, "थोडुं चेंज करीने आपी दे." चार वर्षं तेच… डावीकडचं पान उजवीकडे, सहा पाकळ्यांचं फूल पाच पाकळ्यांचं.

स्वतःचं काहीतरी काढायचं होतं हो. पण पेन टॅब्लेट घेऊन बसले की नजर आपोआप त्या फोटोंकडे जायची. दुसऱ्याचं गिरवून गिरवून आपलं अक्षरच विसरावं, तसं झालं होतं.

शेवटी महिनाभर खपून एक केली. साडीभर तांदळाएवढ्या सुट्या सुट्या बुट्ट्या, गच्चीवरून दिसणाऱ्या चांदण्यांसारख्या. शेठ खूश! सोमवारी दोन मशिनींवर लावू म्हणाले. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

सॅम्पलची साडी मुद्दाम घरी आणली, आईला दाखवायला. आई अठरा वर्षं घरी बसून साड्यांचे धागे कापते. शेठच्या मशिनी जुन्या… एक बुट्टी झाली की सुई उडी मारून दुसरीकडे जाते आणि साडीच्या मागे धागा लोंबत राहतो. आमच्या गल्लीतल्या बायका ते धागे कातरीने एकेक करून कापतात.

आईने साडी उलटी धरली आणि विचारलं, "हाई डिझाईन कोनी काढी वं?"

"मी!" मी छाती फुगवून म्हणाले.

"मंग धागा बी तूच काप." आणि कातर माझ्या हातात ठेवली.

राग आला, खोटं कशाला बोलू? हट्टाने ओट्यावर बसले कापायला. आई शेजारी बसून तिच्या वाटच्या साडीचे धागे कापत होती.

दोन तासांत पदरसुद्धा संपला नाही. अंगठा लाल झाला, मान आखडली. पुढून चांदण्या आणि मागून नुसतं जंजाळ… आणि हे सगळं मीच केलेलं!

मग एक गोष्ट आठवली आणि फार लाज वाटली. सॉफ्टवेअरमध्ये सुईच्या या उड्या बारीक रेघांनी दिसतात. स्क्रीन घाण दिसते म्हणून मी ते सेटिंग पहिल्या दिवसापासून बंद ठेवलं होतं.

कॉपी करताना हा प्रश्न कधी आलाच नाही. उड्या कमी राहतील, हे मूळ काढणाऱ्याने आधीच सांभाळलेलं असायचं. मी फक्त पानं हलवत होते.

आता शेठनी तर डिझाईन पास केली होती. मी गप्प बसले असते, तर सोमवारी ती मशीनवर चढली असती. आणि आठवड्याभरात गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर कुणीतरी मान वाकवून माझ्या चांदण्या कापत बसलं असतं… त्यात आईही.

शेठना फोन केला. म्हटलं लावू नका, बदलून देते. ते चांगलेच वैतागले. सोमवारी सकाळपर्यंत नवीन दे, नाहीतर नेहमीची चालू डिझाईन लावतो म्हणाले. चार वर्षांनी मिळालेला चान्स मी माझ्याच हाताने टांगणीला लावला होता.

शनिवार कोरा गेला. बुट्ट्या जवळ आणल्या तर गर्दी, कमी केल्या तर साडी ओकीबोकी. रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तोंड पाडून उभी होते, तर आई म्हणाली, "सुईले कसाले उड्या माराले लावस? चालू दे ना तिले."

चालू दे म्हणजे कशी? मी आजूबाजूला बघितलं. आमच्या गच्चीवर ऑइलच्या डब्यात आईने लावलेलं गिलकं, म्हणजे घोसाळं, आहे. त्याचा वेल केबलची वायर धरून पार शेजारच्या गच्चीवर पोचलाय. मध्ये पानं, मध्ये पिवळी फुलं… आणि कुठेही उडी नाही!

टॅब्लेट खाली घरात होता. तिथेच उभ्या उभ्या ओल्या बोटाने फोनवर तो वेल काढला. चार वर्षांत पहिल्यांदा नजर कुठल्याच फोटोकडे गेली नाही. दिवसभर बसून फाईल केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुई चालत जाईल अशी.

सोमवारी शेठ आधी हसले. "साडी पर गलकां?" पण सॅम्पल निघाल्यावर त्यांनीही साडी उलटी केली. मागे लोंबणारे धागे जवळजवळ नव्हतेच. कारागिराला म्हणाले, लाव.

काल त्या साड्यांचा पहिला गठ्ठा आमच्या घरी आला. आईने सवयीने साडी उलटी धरली, हात फिरवला, मोजके धागे होते ते भराभर कापले. मी आत कामात असल्याचं नाटक करत होते.

घडी घालायच्या आधी तिने साडी सुलटी केली. मांडीवर पसरली, एका फुलावर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत तिला साडी पुढून अशी निवांत बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आपलंच गिलकं शे ना हाई?"

"हो," मी म्हणाले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.

उड्या दाखवणारं ते सेटिंग आता कायम चालू असतं. स्क्रीन थोडी घाण दिसते… दिसू दे.